अक्षजोडणी आणि हाताची सवय : फ्लाइट सिम्युलेटरमधील जॉयस्टिक-थ्रॉटल दोषांची चिकित्सा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे गाव विमानविद्येसाठी प्रसिद्ध नाही. हा परिसर उसाचा आहे. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरणे किती जिकिरीचे असते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फ्लाइट सिम्युलेटर नावाची वस्तू या परिसराच्या जवळ येण्याचे कारणही हेच आहे. फवारणीचा ड्रोन चालवायचा तर आधी हात तयार व्हावा लागतो आणि तो तयार करण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे संगणकाचा पडदा होय. २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अधिसूचित झाले आणि रिमोट पायलटच्या प्रशिक्षणाला निश्चित चौकट मिळाली. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशभरातील १५,००० महिला बचत गटांचे उद्दिष्ट आणि १,२६१ कोटी रुपयांची तरतूद होती. निवड झालेल्या महिलेसाठी प्रशिक्षण होते पंधरा दिवसांचे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठातही (स्थापना १९६८) ड्रोन प्रशिक्षणाची सोय झाली आहे. एकेकाळी शहरी हौशी मुलांच्या खोलीत असलेले सिम्युलेटर आता शेतीच्या अवजारांच्या रांगेत येऊन बसले आहे.

या वर्गात घडणाऱ्या एका प्रसंगाची सहज कल्पना करता येईल. रिमोट यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडला जातो. पडद्यावर ड्रोन दिसतो. शिकणारी स्त्री दांडी पुढे लोटते आणि ड्रोन वर जाण्याऐवजी एका अंगावर कलतो. दुसऱ्यांदा तेच होते. तिसऱ्यांदा ती म्हणते, "सर, माझा हातच बसत नाही." बहुतेक वेळा तिचा हात व्यवस्थित बसलेला असतो आणि बसलेली नसते ती अक्षजोडणी. हाताची कोणती हालचाल यंत्राच्या कोणत्या क्रियेला जोडायची, कोणत्या दिशेने आणि किती प्रमाणात, या ठरावाला येथे अक्षजोडणी म्हटले आहे. सिम्युलेटर हा ठराव झाकून ठेवतो आणि त्यातील दोष शिकणाऱ्याच्या हातावर ढकलतो. प्रस्तुत लेखातील चिकित्सेचा मुख्य रोख या झाकण्यावर आहे.

अक्षाला नाव असते, अर्थ नसतो

अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये आपला प्रशिक्षक-यंत्राचा नमुना तयार केला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. लिंक यांचे घराणे वाद्ये बनविणारे होते. ऑर्गनमधील भात्यांचेच तंत्र वापरून त्यांनी लाकडी विमान हलते केले. दांडी हलली की झडप उघडे, भाता फुगे आणि खोका कले. हात आणि परिणाम यांच्यामध्ये हवा होती, ठराव नव्हता. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली व त्यानंतर सिम्युलेटर हा वैमानिकाच्या शिक्षणाचा भाग झाला.

वैयक्तिक संगणक आल्यावर चित्र पालटले. १९८१ च्या आयबीएम संगणकाला मिळणाऱ्या गेम पोर्टला दांडीची जागा थेट कळत नसे. दांडीतील पोटेन्शिओमीटरचा रोध बदलला की संधारित्र भरायला लागणारा वेळ बदले आणि तो वेळ मोजून संगणक जागेचा अंदाज करी. प्रत्येक दांडीचा रोध थोडा वेगळा. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे परिभाषेतील अंशशोधन, दर वेळी करावे लागे. ते कंटाळवाणे होते, परंतु दांडीचा अर्थ आपणच यंत्राला शिकवतो आहोत याची जाणीव त्या कंटाळ्यातून राहत असे. यूएसबी आल्यावर ती जाणीव पुसली गेली. उपकरण खोचले की ते चालते असा समज रूढ झाला.

यूएसबी उपकरण संगणकाला एवढेच सांगते : माझ्याकडे एक्स, वाय, झेड असे अक्ष आहेत, आरझेड आहे, एक स्लायडर आहे, आणि या क्षणी त्यांच्या किमती अमुक आहेत. झेड म्हणजे थ्रॉटल, असे कोठेही लिहिलेले नसते. एका दांडीत झेडवर थ्रॉटल असतो, दुसऱ्या दांडीत थ्रॉटल स्लायडरवर असतो आणि मूठ पिळण्याची हालचाल आरझेडवर. नुसते 'देवळाली' म्हटले की परगावचा माणूस नाशिकजवळच्या छावणीच्या देवळालीला जाऊन उतरतो. 'प्रवरा' जोडल्याशिवाय गाव नक्की होत नाही. अक्षाच्या नावाचेही तसेच आहे. सिम्युलेटर मात्र उपकरणाचे नाव ओळखीचे नसले तरी काहीतरी गृहीत धरून जोडणी करून टाकतो आणि आपण गृहीत धरले आहे हे सांगत नाही.

ड्रोनच्या रिमोटमध्ये ही गुंतागुंत दुप्पट होते. रिमोट आपल्या वाहिन्या एका क्रमाने पाठवतो. फुटाबा पद्धतीत तो क्रम एलेरॉन, एलेव्हेटर, थ्रॉटल, रडर असा आहे, तर जेआर व स्पेक्ट्रम पद्धतीत थ्रॉटल पहिला येतो. पहिल्या वाहिनीला एलेरॉन मानणाऱ्या सिम्युलेटरला दुसऱ्या पद्धतीचा रिमोट जोडला की थ्रॉटल वाढवल्यावर ड्रोन कलतो. वर उल्लेखिलेल्या प्रसंगातील कोडे एवढेच आहे. त्याखेरीज 'मोड'चा भेद आहे. मोड २ मध्ये डाव्या दांडीवर थ्रॉटल व दिशा-वळण असते आणि उजवीवर पुढे-मागे जाणे व कलणे. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे येतो व पुढे-मागे जाणे डावीकडे. दोन्ही पद्धती तितक्याच योग्य आहेत. सिम्युलेटरवर एक आणि शेतावर दुसरी, हे मात्र घातक आहे.

उणे-अधिकाचा प्रश्न

अक्ष योग्य सापडला तरी दिशा उरते. यूएसबीच्या संकेतानुसार वाय अक्षाची किंमत दांडी आपल्यापासून लांब असताना कमी आणि आपल्या अंगाकडे ओढली की जास्त असते. थ्रॉटलच्या तरफाही पुष्कळदा याच रिवाजाने बांधलेल्या असतात. म्हणजे तरफ पूर्ण पुढे नेल्यावर, जेव्हा इंजिनाने गर्जावे अशी अपेक्षा असते, नेमकी तेव्हाच उपकरण सर्वांत लहान संख्या पाठवते. ती उलटवणे हे सिम्युलेटरचे काम. ते झाले नाही तर धावपट्टीवर उभे असलेले विमान तरफ मागे असतानाच धावू लागते.

फ्लाइटगियर या मुक्तस्रोत सिम्युलेटरमध्ये हे उलटवणे उघड्यावर दिसते. प्रत्येक दांडीसाठी त्यात एक एक्सएमएल धारिका असते. थ्रॉटलसाठी तीत सामान्यतः दोन संख्या आढळतात : उणे एक ही भर आणि उणे अर्धा हा गुणक. दांडीची किंमत उणे एक ते अधिक एक या पल्ल्यात येते. तरफ पूर्ण पुढे असताना उणे एकमध्ये उणे एक मिळवले की उणे दोन होतात, त्याला उणे अर्ध्याने गुणले की एक, म्हणजे पूर्ण शक्ती. तरफ मागे असताना अधिक एक व उणे एक मिळून शून्य. सातवीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. यातील गुणकाचे चिन्ह चुकले तर काय होईल हे कागदावरच पाहता येते : तरफ पुढे असताना उणे एक, मागे असताना शून्य, आणि इंजिन कधीच वाढत नाही. भर लिहायची राहिली तर दुसरेच लक्षण : तरफ पूर्ण पुढे नेऊनही शक्ती निम्म्यावर अडते. लक्षणावरून कारणाकडे जाण्याची ही वाट फ्लाइटगियर खुली ठेवतो, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. मात्र ही धारिका हाताने उघडून वाचणारा शिक्षक किती वर्गांत असेल, असा प्रश्न त्याच दमात विचारावा लागतो. मुक्त असणे वेगळे आणि वाचता येण्याजोगे असणे वेगळे.

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरची तऱ्हा निराळी आहे. तेथे गणित दिसत नाही, यादी दिसते. यादीत 'थ्रॉटल अक्ष' आणि 'थ्रॉटल अक्ष (० ते १००%)' अशा दोन जवळजवळ सारख्या नोंदी आहेत. त्यांतील कोणती कोणत्या तरफेसाठी निवडायची याचे स्पष्टीकरण नोंदीशेजारी नाही. चुकीची निवडली की तरफेचा निम्मा प्रवास फुकट जातो किंवा निम्म्यावर असतानाच शक्ती शून्य दिसते. एक्स-प्लेनमध्ये दिशा उलटविण्यासाठी साधी खूण आहे व अक्षाची हालचाल पट्टीवर प्रत्यक्ष दिसते. या एका बाबतीत तो तिघांत समंजस ठरतो.

मध्य कोठे आहे?

दोषांची खरी मुळे मात्र दिशेत नसून मध्यात आहेत. जॉयस्टिकला स्प्रिंग असते. सोडली की ती मध्यावर येते आणि मध्याचा अर्थ 'काहीही करू नको' असा असतो. विमानाच्या थ्रॉटलला स्प्रिंग नसते. त्याला मध्य नाही, फक्त दोन टोके आहेत. ड्रोनच्या रिमोटमधील थ्रॉटल तिसऱ्याच जातीचा आहे. उंची आपोआप राखणाऱ्या ड्रोनमध्ये तो बहुधा स्प्रिंगचा असतो, आणि मध्य म्हणजे निम्मी शक्ती नव्हे तर 'आहेस त्या उंचीवर थांब'. दांडी मध्याच्या वर किती, यावर चढण्याचा वेग ठरतो. एकाच नावाच्या अवयवाचे हे तीन स्वभाव आहेत. संगणकाला तिन्ही ठिकाणी एक संख्या तेवढी दिसते.

कॅलिब्रेशन करताना याच जागी घोटाळा होतो. बहुतेक साधने सुरुवातीला 'सर्व दांड्या मध्यावर ठेवा' असे सांगतात. स्प्रिंग नसलेला थ्रॉटल त्या वेळी तळाशी असेल, आणि शिकणाऱ्याच्या सावधपणामुळे तो तळाशीच असतो, तर साधन तळालाच मध्य समजते. मग वरचा सारा प्रवास अर्ध्या पल्ल्यात कोंबला जातो आणि खालच्या अर्ध्याला जागाच उरत नाही. रिमोटवरचे ट्रिमचे खटके मध्यावर नसतील तर तेवढाच सूक्ष्म तिरपेपणा कायमचा मध्य म्हणून नोंदला जातो. नंतर ड्रोन आपोआप हळूहळू सरकत राहतो. शिकणारा ते सरकणे हाताने सावरायला शिकतो. हे शिक्षण चुकीचे आहे. शेतावरचा खरा ड्रोन सरकत नाही, पण शिकलेला हात त्याला सावरतच राहतो.

निष्क्रिय पट्टा, म्हणजे मध्याजवळील ज्या छोट्या हालचालीकडे सिम्युलेटर दुर्लक्ष करतो तो भाग, हा अशा वेळी सर्वांचा आवडता उपाय आहे. थरथर दिसली की पट्टा वाढवायचा. पडदा शांत होतो. परंतु धुळीच्या खोलीत वर्षभर वापरलेल्या पोटेन्शिओमीटरची झीज या शांततेखाली लपते आणि उसाच्या शेंड्यांवर समान उंची राखण्यासाठी जी बारीक हालचाल शिकायची, नेमकी तीच पट्ट्यात गिळली जाते. पट्टा हा औषधासारखा आहे. रोग कळल्यावर मोजून द्यावा. प्रशिक्षण पुस्तिकांत तो पहिल्या पानावर दिसतो, हे त्या पुस्तिकांचे वैगुण्य आहे.

दोष कोणाचा?

'हात बसत नाही' या वाक्याला विमानविद्येत जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाके मिटवीत आणि विमान पोटावर बसे. अहवालात 'वैमानिकाची चूक' अशी नोंद होई. आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले तेव्हा चाकांचा व फ्लॅपचा खटका एकमेकांशेजारी आणि दिसायला सारखे आढळले. चाकांच्या खटक्यावर चाकाच्या आकाराचा रबरी तुकडा बसविल्यावर स्पर्शानेच फरक कळू लागला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेल्या ४६० अनुभवांचे वर्गीकरण केले. त्यांतील सुमारे निम्मे अनुभव एका खटक्याऐवजी दुसराच हाती घेतल्याचे निघाले. उलट दिशेने हलविण्याच्या चुकांसाठी त्यांना स्वतंत्र वर्ग करावा लागला.

दिशेचा ठराव देशागणिक बदलल्याचेही उदाहरण आहे. महायुद्धापूर्वीच्या फ्रेंच रिवाजात थ्रॉटल अंगाकडे ओढला की शक्ती वाढे. फ्रान्सने अमेरिकेकडून मागविलेली कर्टिस हॉक-७५ विमाने त्याच रिवाजाने बांधलेली होती. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर त्यांतील काही ब्रिटनकडे गेली, 'मोहॉक' या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि ब्रिटिश वैमानिकांच्या हाती देण्यापूर्वी त्यांचा थ्रॉटल उलटवून घ्यावा लागला. हीच मोहॉक विमाने पुढे भारतात, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, पाचव्या व एकशे पंचावन्नाव्या स्क्वाड्रनकडे होती. तेथे यंत्र बदलले गेले. सगळ्या वैमानिकांचे हात बदलण्याचा विचार कोणी केला नाही. सिम्युलेटरमध्ये हे उलटविणे एका खुणेचे काम असूनही आपण आधी हात बदलू पाहतो, ही विसंगती आहे.

इथल्या शिकणाऱ्याचा हात कोराही नसतो. मोटारसायकलची मूठ अंगाकडे पिळली की वेग वाढतो, ही सवय त्याच्या मनगटात मुरलेली असते. सवय मोडायची हे मान्य, पण काय मोडायचे आहे हे आधी सांगितले पाहिजे.

दोषशोधनाचा क्रम

या विवेचनावरून क्रमाचा आग्रह धरावा लागतो. पहिली पाहणी सिम्युलेटरच्या बाहेर व्हावी. विंडोजमधील गेम कंट्रोलरची खिडकी किंवा लिनक्समधील जेएसटेस्ट हे साधन उघडून, दांडीला हात न लावता, संख्या स्थिर आहेत का हे पाहावे. लिनक्समध्ये पल्ला उणे ३२,७६७ ते अधिक ३२,७६७ असतो. हात न लावता संख्या उड्या मारत असतील तर दोष उपकरणात, तारेत किंवा यूएसबी हबच्या अपुऱ्या वीजपुरवठ्यात आहे, आणि सिम्युलेटरमधील कोणतीही सेटिंग तो बरा करणार नाही. संख्या स्थिर असतील तर एकेक दांडी टोकापासून टोकापर्यंत नेऊन कोणती संख्या बदलते ते कागदावर लिहावे. विंडोज जुने कॅलिब्रेशन जपून ठेवते व तेच वापरत राहते, म्हणून शंका असल्यास ते पुसून नव्याने करावे.

त्यानंतर सिम्युलेटर उघडावा, आणि तोही एकच उपकरण जोडून. एकाहून अधिक उपकरणे असतील तर सिम्युलेटर प्रत्येकाला आपल्या मनाने थ्रॉटल देऊन मोकळा होतो. मग एका तरफेने शक्ती वाढवावी आणि टेबलावर पडलेल्या गेमपॅडने ती क्षणात शून्यावर आणावी, असे द्वंद्व चालते. इंजिन मध्येच दम खाते, वर्ग इंधन तपासतो. ही दुहेरी नोंद काढून टाकणे हा सर्वांत कमी श्रमाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा उपाय आहे. मग अक्ष, नंतर दिशा, नंतर टोके व मध्य. संवेदनशीलतेची वक्ररेषा आणि निष्क्रिय पट्टा यांना सर्वांत शेवटी हात लावावा. क्रम उलटा केला तर प्रत्येक उपाय आधीच्या दोषावर पांघरूण घालतो.

'वर' या शब्दाविषयी

मराठीतून शिकविताना एक अडचण जास्तीची आहे, आणि ती यंत्रातील नव्हे. 'दांडी वर करा' या सूचनेला निदान तीन अर्थ आहेत. हातातल्या रिमोटवर 'वर' म्हणजे आपल्यापासून लांब. ड्रोनच्या थ्रॉटलबाबत त्याचा परिणामही वर जाण्याचाच होतो, म्हणून शब्द खपून जातो. त्याच रिमोटवर मोड २ मधील उजवी दांडी 'वर' केली की ड्रोन पुढे जातो. विमानाच्या जॉयस्टिकवर तर लांब लोटले की नाक खाली जाते आणि अंगाकडे ओढले की वर. पडद्यावरच्या यादीतील इंग्रजी शब्दांचे शब्दशः भाषांतर करणारी टिपणे या ठिकाणी शिकणाऱ्याला फसवतात. हातासाठी 'पुढे लोटा' व 'अंगाकडे ओढा', आणि यंत्रासाठी 'चढते', 'उतरते', 'पुढे सरकते', 'कलते', अशी क्रियापदांची फाळणी केली तर सूचना निःसंदिग्ध होते. औत, पाभर आणि कुळव हाकणाऱ्यांच्या भाषेत ओढणे-लोटणे यांचा भेद मुळातच चोख आहे. तो वापरण्यास नवी परिभाषा घडवावी लागत नाही.

वर्गात संगणक एक, रिमोट अनेक आणि शिकणारे त्याहून अनेक असतात. एकसारख्या दोन रिमोटांचा जोडणीचा क्रम किंवा यूएसबीची खाच बदलली की काही सिम्युलेटर कालची जोडणी विसरतात किंवा एकाची दुसऱ्याला देतात. म्हणून प्रत्येक रिमोटवर क्रमांकाची चिठ्ठी, प्रत्येक खाचेवर तोच क्रमांक, आणि संगणकाशेजारच्या भिंतीवर कोणत्या दांडीने कोणती संख्या कोणत्या दिशेने बदलते याचा हाताने लिहिलेला तक्ता, एवढी व्यवस्था तासाच्या आरंभी तपासून घ्यावी लागते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते पहिल्या विद्यार्थिनीने रिमोट हातात घेण्यापूर्वीचे आहे.